लालाजी बे: दुकान नाही, शेड नाही, नेटवर्क नाही अशा बीचवर जायचं कसं

अंदमानला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचा रूट ठरलेला असतो, सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, तिथे डोळे पुसायचे, मग हॅवलॉक बेट, मग नील बेट, सहा दिवसांत विमानात परत. त्यात वाईट काहीच नाही, पहिल्यांदा जाताय तर तेच करा. पण ज्यांच्या हातात तीन-चार दिवस जास्त आहेत आणि ज्यांना खरंच असा किनारा बघायचाय जिथे चहाची टपरीसुद्धा नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोनदा गेलोय, पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी नीट केलं, तर चुका आणि दुरुस्त्या दोन्ही सांगतो.

जागा म्हणजे मिडल अंदमानच्या बाजूचं लाँग आयलंड, आणि त्या बेटाच्या गावापासून पलीकडच्या अंगाला असलेला लालाजी बे. पांढरी वाळू, मागे घनदाट जंगल, समोर प्रवाळ, आणि माणूस नाही. कधीकधी अख्ख्या दिवसात आपणच असतो तिथे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, अशा ठिकाणचा प्लॅन उलट्या बाजूने करायचा. म्हणजे काय, तर आधी ठरवायचं की बीचवरून किती वाजता निघायचंय, मग त्या वेळेला समुद्राचं पाणी कुठे असेल ते बघायचं, मग अंधार किती वाजता पडतो ते, आणि मग त्यावरून सकाळी किती वाजता जायचं ते काढायचं. आपण नेहमी जायचं कसं एवढंच बघतो, यायचं काय ते बघू म्हणतो. गणपतीपुळ्याला चालतं ते, इथे नाही चालत, कारण इथे उशीर झाला तर रिक्षा मिळत नाही, कोणी बघायला येत नाही आणि फोन लागत नाही.

आता पोचायचं कसं. विमान पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय पण तिथले लोक बोलताना अजून पोर्ट ब्लेअर किंवा नुसतं ब्लेअरच म्हणतात. तिथून दोन रस्ते. एक समुद्राने, सरकारी जहाज फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतं, अंतर ८०-८२ किलोमीटर, पाच-सहा तास धरा, वाटेत हॅवलॉक घेतलं तर अजून जास्त. हे जहाज रोज नसतं, कोणत्या दिवशी आहे ते शिपिंगच्या काउंटरवर किंवा त्यांच्या साइटवर बघूनच बाकीचा प्रोग्रॅम आखा, उलटं करू नका. दुसरा रस्ता जमिनीवरून, अंदमान ट्रंक रोडने रंगत या गावी, मग रंगतजवळच्या येरट्टा जेट्टीवरून छोटी फेरी, ती खाजणातून म्हणजे दोन्ही बाजूला कांदळवन असलेल्या पाण्यातून जाते, साधारण तासभर, आणि तो तास इतका सुंदर असतो की त्यासाठी जावं.

पण ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो हे लक्षात ठेवा. जिरकाटांगपासून मिडल स्ट्रेटपर्यंत गाड्यांचा ताफा करून, ठरलेल्या वेळीच सोडतात, पहाटेच निघावं लागतं आणि ओळखपत्र दाखवून फॉर्म भरावा लागतो. गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं, हे सगळं गुन्हा आहे, १९५६ चा कायदा आहे त्यासाठी. आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, ती माणसं आपल्या घरात आहेत, आपण त्यांच्या अंगणातून चाललोय. जहाज मिळत असेल तर मी स्वतः जहाजानेच जातो.

सीझन. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, समुद्र शांत, पाणी स्वच्छ. मे ते सप्टेंबर पावसाळा, विसरून जा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा फसवा काळ आहे, आपल्याकडे पाऊस गेलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं तिथेही गेला असेल, पण बंगालच्या उपसागरात तेव्हाच चक्रीवादळं होतात. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नीलला हजारावर पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं पाठवावी लागली. आणि ती दोन तर सगळ्यात जास्त बोटी जाणारी बेटं. लाँग आयलंडची फेरी बंद झाली तर ती बंदच. म्हणून परतीच्या विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा, त्यातला एक पोर्ट ब्लेअरमध्येच. हे दोन दिवस फुकट गेले असं कोणालाही वाटत नाही, जेल परत एकदा निवांत बघता येतो.

लाँग आयलंडचं गाव छोटं आहे, हजारभर वस्ती असेल. एकेकाळी तिथे प्लायवूडची फॅक्टरी होती, ती बंद पडली, तेव्हापासून गाव शांत झालंय. गाड्या नाहीत, सिमेंटची पायवाट आहे, लोक सायकलवर आणि चालत. बंगाली, रांचीकडचे, दक्षिणेकडचे अशी सगळी माणसं आणि सगळ्यांची मिळून एक हिंदी, त्यामुळे आपल्याला बोलायला काही अडत नाही. राहायला साधी गेस्टहाउस आहेत, फोन करून जागा आहे का ते आधी विचारा. जेवण सांगून ठेवावं लागतं, सकाळी सांगितलं तर रात्री मासळी-भात मिळतो, न सांगता आठ वाजता गेलात तर चूल विझलेली असते. कॅश रंगतलाच किंवा ब्लेअरलाच काढून घ्या. नेटवर्कचं म्हणाल तर २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून जी केबल टाकली ती लाँग आयलंडलाही आली आहे, पण त्याचा उपयोग गावापुरता. लालाजी बेला पोचलात की फोन म्हणजे फक्त कॅमेरा.

गावात पोचल्यावर पहिलं काम, फॉरेस्टच्या ऑफिसात जायचं. कोण जातंय, किती जण, कधी परत येणार, सांगायचं, लागेल ती परवानगी घ्यायची. बऱ्याच जणांना हा त्रास वाटतो. मला तर बरं वाटतं, कारण संध्याकाळी तुम्ही परत आला नाहीत तर तुमचं नाव कोणाकडे तरी लिहिलेलं असतं. गेस्टहाउसवाल्यालाही सांगून ठेवा, 'पाच वाजेपर्यंत आलो नाही तर माणूस पाठवा' असं स्पष्ट शब्दांत.

तिथून लालाजी बेला जायचे दोन प्रकार, जंगलातून चालत किंवा डुंगीने. डुंगी म्हणजे इंजिन लावलेली छोटी लाकडी होडी, तिकडे सगळे हाच शब्द वापरतात. चालत दीड-दोन तास लागतात, वाट चढउताराची, मुळांनी भरलेली, मध्ये चिखल, आणि दोन-तीन ठिकाणी फाटे फुटतात जिथे आपल्याला कळत नाही कुठे वळायचं. गावातला एखादा माणूस बरोबर घ्या, त्याचे जे पैसे होतील ते आनंदाने द्या. त्याच्याबरोबर चालताना तो पडौकचं झाड दाखवतो, जमिनीपासून फळीसारखी पसरलेली त्याची मुळं बघून आपण थांबतोच. पाऊस होऊन गेला असेल तर जळवा असतात, पँट मोज्यात खोचा आणि मोज्यांवर थोडी तंबाखूची पूड किंवा मीठ चोळा, हे आपल्या सह्याद्रीतल्या ट्रेकवाल्यांना माहितीच आहे.

मला विचाराल तर जाताना चालत आणि येताना डुंगी, हे सगळ्यात चांगलं, कारण संध्याकाळी दमलेलं असताना जंगल नको. आणि अंदमानात अंधार फार लवकर पडतो, घड्याळ आपलंच पण बेटं खूप पूर्वेला, डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, मार्चमध्येही साडेपाचला. झाडीखाली त्याच्याही अर्धा तास आधी काळोख. सकाळी मात्र साडेपाच-सहालाच लख्ख उजेड असतो, त्यामुळे सहाला निघायचं, आठला बीचवर, दुपारी तीनच्या आत तिथून बाहेर. यात तडजोड करू नका.

आता भरती-ओहोटी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझं पहिल्या वेळी इथेच चुकलं. मी कोकणातला, भरतीचा हिशोब लहानपणापासून माहीत, तिथीला पाऊण ने गुणायचं की भरतीची वेळ निघते, अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती. मी तोच हिशोब तिथे लावला. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात भरतीची वेळ वेगळी पडते! दुसरं म्हणजे मी वाचलं होतं की तिथे पाणी फार चढत-उतरत नाही, मुंबईला उधाणात साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं तसं नाही, दोन मीटरच्या आसपासच. ते खरं आहे. पण लालाजी बेच्या समोर तळ उथळ आणि सपाट आहे, त्यामुळे दोन मीटर पाणी उतरलं की ते लांबच लांब मागे जातं आणि मध्ये सगळे प्रवाळाचे दगड उघडे पडतात.

झालं असं की डुंगीवाले दादा दोन वाजताच म्हणाले, 'दादा, पानी उतर रहा है, अभी निकलो.' आम्ही म्हटलं अर्धा तास थांबूया, डबा खायचा राहिलाय. अर्ध्याचा पाऊण झाला. तेवढ्यात डुंगी किनाऱ्यापासून बाहेर काढावी लागली, नाहीतर ती दगडावर बसली असती आणि पुढचे पाच-सहा तास हलली नसती. मग आम्ही सॅक डोक्यावर घेऊन, गुडघाभर पाण्यातून, चपला हातात, त्या खडकांवरून तिच्यापर्यंत चालत गेलो. मित्राच्या बायकोचा पाय घसरला आणि नडगीवर चार बोटं लांब ओरखडा आला. रक्त फार नव्हतं, आम्ही समुद्राच्या पाण्याने धुतलं आणि विषय संपला असं समजलो. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला, ताप आला, आणि तिचे पुढचे चार दिवस अँटिबायोटिकवर गेले.

तर यातून करायचं काय ते सांगतो. निघायच्या आधी मोबाइलवर अंदमानच्याच एखाद्या बंदराचा भरतीचा तक्ता डाउनलोड करून ठेवा, आणि तो गावातल्या डुंगीवाल्याला दाखवून विचारा की लालाजीला डुंगी किती वाजेपर्यंत किनाऱ्याला लागते. तो जी वेळ सांगेल ती शेवटची. रोज हे सगळं साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं, म्हणजे काल कोणी सांगितलेली वेळ आज चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त खाली जातं, अष्टमीच्या आसपास भांग असतो तेव्हा फरक कमी, त्यामुळे नवख्या माणसाने भांगाचे दिवस धरून गेलं तर सोपं पडतं. डुंगीचे पैसे जायच्या आधीच ठरवा, थांबण्याचे धरून, आणि अर्धे परत आल्यावर द्या. आणि तो निघा म्हणाला की निघायचं, डबा होडीत खायचा.

प्रवाळाची जखम साधी नसते. त्या खडबडीत पृष्ठभागाचे बारीक कण आत राहतात आणि त्यात जंतू असतात. गोड्या पाण्याने आणि साबणाने खरवडून म्हणावी इतकी नीट धुवायची, चिमट्याने कण काढायचे, अँटिसेप्टिक लावायचं, कोरडी ठेवायची, आणि लाली पसरायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना. गावात सरकारी दवाखाना आहे, मोठं काही असेल तर रंगत, त्याहून मोठं तर ब्लेअर. म्हणून एक लिटर पाणी फक्त जखमेसाठी वेगळं ठेवायचं, प्यायचं नाही. आणि चपला घालून प्रवाळात जायचं नाही, जुने कापडी बूट घाला जे भिजले तरी चालतील. त्याच बुटांनी प्रवाळावर उभंही राहू नका हेही तितकंच महत्त्वाचं, जिवंत प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर-सेंटिमीटर वाढतं, आपल्या एका पावलाने कित्येक वर्षांचं मोडतं. पाय वाळूवरच टाका, आणि घासत घासत टाका म्हणजे वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेली मासळी, पडली असेल तर ती आधीच सरकते.

बरोबर काय न्यायचं. पाणी माणशी चार लिटर, हे ओझं वाटतं पण दुपारी एक वाजता कळतं का सांगितलं ते. ओआरएसची पाकिटं. खायला दशम्या सगळ्यात भारी, दुधात भिजवलेल्या, घरून नेलेल्या तीन-चार दिवस टिकतात, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तिखट-मिठाच्या पुऱ्याही चालतात. वेफर्सची पाकिटं नको, तहान लागते आणि कचरा होतो. हेडटॉर्च, शिट्टी, जाड प्लास्टिकची पिशवी ज्यात फोन आणि पैसे बंद करून ठेवता येतील, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, पंचा. पंचा विसरू नका, डोक्याला बांधता येतो, अंग पुसता येतं, जखमेला बांधता येतो. आणि खोबरेल तेलाची बाटली, ती का ते आता सांगतो.

वाळूत बारीक माश्या असतात, सँडफ्लाय. डोळ्यांना जेमतेम दिसतात, चावताना कळत नाही, रात्री झोपताना कळतं. पोटऱ्यांवर शंभर-शंभर लाल ठिपके, आणि खाज आठवडाभर. सकाळी आणि संध्याकाळी जास्त. डासांच्या क्रीमपेक्षा खोबरेल तेल जाडसर चोपडलेलं जास्त उपयोगी पडतं, माशी त्यात चिकटते. उघड्या वाळूवर पडून राहू नका, जाड चादर घाला, आणि वारा लागेल अशा जागी बसा. खाजवायचं नाही! खाजवलं की जखम होते आणि त्या दमट हवेत ती चिघळते. नारळाच्या झाडाखाली झोपायचं नाही हे आपल्याला कोकणात सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईची माणसं सावली बघून तिथेच आडवी होतात.

पाण्यात उतरताना दोन गोष्टी. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाजणात, ओढ्यांच्या तोंडाशी. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगर बीचच्या शेजारच्या छोट्या कोव्हमध्ये, म्हणजे आत वळलेल्या किनाऱ्याशी, स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी मुलीचा मगरीने जीव घेतला. घाबरवायला सांगत नाही, पण जंगलातून ओढा जिथे समुद्राला मिळतो तिथे पोहायचं नाही, पाय धुवायलाही थांबायचं नाही, आणि पहाटे-संध्याकाळी गढूळ पाण्यात तर नाहीच. गावात रोज विचारा, 'इधर मगर दिखा क्या?' ते खरं सांगतात, कारण त्यांचीच मुलं त्या पाण्यात जातात. दुसरं म्हणजे ओढ. पाणी बाहेर खेचायला लागलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जा आणि मग आत या. इथे लाइफगार्ड नाही. कमरेच्या वर पाण्यात एकट्याने जाऊच नका, एक जण कायम किनाऱ्यावर बघत हवा. आणि जमीन जोरात हलली किंवा ओहोटीची वेळ नसताना पाणी एकदम मागे समुद्रात ओसरलं तर सामान सोडून चढाकडे पळा, २००४ ची त्सुनामी तिथल्या प्रत्येकाला आठवते, तुम्हाला कोणी समजवायला थांबणार नाही.

आता शंख. दुसऱ्या वेळी मी वाळूवर पालथा पडलो होतो आणि नाकासमोरून निळं काहीतरी चाललं होतं. नीट बघितलं तर बिसलेरीच्या बाटलीचं निळं झाकण, आणि त्याच्याखालून सहा-सात बारीक पाय. शंखात राहणारा खेकडा, त्याला अंगाच्या मापाचा शंख मिळाला नव्हता म्हणून त्याने झाकण घातलं होतं. मऊ पोट झाकणात मावत नव्हतं, अर्धं उघडंच, आणि तो ते ओढत ओढत पानांखाली गेला. त्या खेकड्याला स्वतःचं कवच तयार करता येत नाही, मेलेल्या गोगलगायींचे शंख हेच त्याचं घर, वाढला की मोठा शोधावा लागतो. आपण हातात बसेल असा सुंदर, न फुटलेला शंख उचलतो, तोच त्याला हवा असतो. तेव्हापासून मी एकही उचललेला नाही. कायद्यानेही प्रवाळ आणि बऱ्याच जातींचे शंख नेता येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा, आणि एअरपोर्टवर बॅग उघडायला लावतात. मुलं बरोबर असतील तर बीचवरून निघताना त्यांचे खिसे तपासा, रागावू नका, हे झाकणाचं सांगा, पटकन परत ठेवतात.

कचरा तिथेही दिसेल, बर्मी आणि थाई अक्षरांच्या बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, एका पायाच्या चपला, सगळं समुद्राने आणलेलं. आपला सगळा परत आणायचाच, आणि प्रत्येकाने एक पिशवी भरून त्यातलाही आणायचा. शौचाला जायचं तर पाण्यापासून आणि ओढ्यापासून लांब, झाडीत, वीतभर खोल खड्डा करून, नंतर बुजवून. टिश्यू परत पिशवीत.

रात्री राहण्याचा मोह होतो. परवानगीशिवाय नाही. आणि मिळाली तरी विस्तव नाही, मोठ्याने गाणी नाहीत, आणि डिसेंबरपासून पुढे काही महिने टॉर्च पाण्याकडे मारायचा नाही, कारण या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात आणि उजेड दिसला की मादी परत फिरते, पिल्लं चुकीच्या दिशेला जातात. कासवं बघायचीच असतील तर रंगतजवळ कथबर्ट बे अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या माणसांबरोबर बघा.

या जागेवर रिसॉर्ट करायचं घाटतंय. २०१८ च्या सुमारास बेटांच्या विकासाच्या सरकारी योजनेत लाँग आयलंडचं नाव आलं. त्यामुळे जायचं असेल तर आत्ताच जा, आणि गावातल्या माणसाच्या गेस्टहाउसात राहा, गावातली डुंगी घ्या, गावातच जेवा, पैसे त्यांच्या हातात जाऊ देत.

परतीच्या दिवशी येरट्टाची पहिली फेरी पकडा, दुसरीच्या भरवशावर राहू नका. जेट्टीवर अर्धा तास आधी, कारण गावातली सगळी माणसं, कोंबड्या, गॅस सिलिंडर, शाळेतली पोरं त्याच फेरीत असतात आणि जागा त्यांची आधी. छपराखाली जागा मिळाली नाही तर पंचा डोक्याला बांधा आणि पुढे नाळेवर बसा, खाजणात शिरल्यावर खंड्या दिसतात.